अल्बम सुचवा, पण कसा ऐकायचा तेही सांगा

‘माझे आवडते दहा अल्बम’ अशा याद्या हल्ली जागोजागी दिसतात. त्यात एक जॅझचा, एक मेटलचा, एक ख्यालाचा, एक हिपहॉपचा असतो आणि यादी देणाऱ्याचा व्यासंग लक्षात यावा म्हणून फारसा कोणी न ऐकलेला असाही एखादा असतो. वाचणारा त्यातली दोन नावे टिपून घेतो, एक अल्बम लावतो, तिसऱ्या मिनिटाला बंद करतो आणि ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. यात दोष अल्बमचा नसतो, आणि बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचाही नसतो. त्याच्या हाती नाव पडले, पण त्या संगीतात कान कुठे लावायचा हे त्याला कोणी सांगितले नाही. माणसाला त्याच्या सवयीबाहेरच्या संगीतापर्यंत नेण्याचे काम दुसरा माणूसच करू शकतो, संगीतसेवांच्या अॅपमधल्या शिफारशीच्या यंत्राला ते जमत नाही, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी सुचवणाऱ्याने एक पूर्ण अल्बम निवडून तो कसा ऐकायचा हे सांगण्याची जबाबदारी घ्यायला हवी. आवडीनिवडी खासगी असतात हे खरे, पण कोणते संगीत कोणाच्या कानावर पडणार हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न खासगी राहत नाही. आजवर तो बाजाराने सोडवला, आता तो यंत्रे सोडवू पाहत आहेत.

संगीताचे जे प्रकार आपण निसर्गतः वेगळे समजतो, त्यांतल्या कित्येकांच्या सीमा विक्रीच्या सोयीसाठी आखलेल्या आहेत. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेकडच्या संगीताच्या दोन वेगळ्या मालिका काढल्या. काळ्या ग्राहकांसाठीच्या मालिकेला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हटले जाई, तर ग्रामीण गोऱ्या ग्राहकांसाठीच्या मालिकेला ‘हिलबिली’. दोन्हीकडच्या गायकवादकांच्या चाली आणि गाणी बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळलेली होती, विभागणी होती ती ग्राहकाच्या कातडीच्या रंगावरून. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकाने ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ स्वीकारले. नाव सभ्य झाले, कप्पा मात्र तसाच राहिला. १९६२ साली रे चार्ल्स यांनी गोऱ्यांचे मानले गेलेले कंट्री संगीत आपल्या पद्धतीने गाऊन एक संपूर्ण अल्बम काढला आणि तो विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा हा कप्पा किती कृत्रिम होता हे उघड झाले. पुढे १९८७ मध्ये लंडनमधल्या एका पबमध्ये काही छोट्या कंपन्यांचे लोक जमले आणि इंग्लिश-अमेरिकन नसलेले संगीत दुकानाच्या कोणत्या फळीवर ठेवावे या अडचणीवर त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ हा तोडगा काढला. आफ्रिकेतल्या माली देशातला गायक, बल्गेरियातल्या स्त्रियांचे समूहगान आणि कव्वाली या तिघांमध्ये समान काय, तर ती त्या दुकानदाराला परकी वाटत होती. त्या लोकांचा हेतू चांगला होता आणि त्यातून पुष्कळ चांगले संगीत लोकांपर्यंत पोहोचलेही, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की विक्रेत्याच्या सोयीची फळी आपण आपल्या कानात बसवून घेतली.

या फळ्या यंत्र मोडून काढील, अशी आशा सुरुवातीला अनेकांना वाटत होती. सगळे संगीत एका ठिकाणी आल्यावर कोणाला कशाचीही अडकाठी राहणार नाही, असा तो हिशेब होता. प्रत्यक्षात शिफारशीचे यंत्र प्रामुख्याने दोन गोष्टी पाहते: तुमच्यासारखेच ऐकणाऱ्या इतर लोकांनी आणखी काय ऐकले, आणि तुम्ही ऐकलेल्या गाण्याशी कोणत्या गाण्याचे ध्वनिगुण जुळतात. दोन्हींच्या मुळाशी साम्य आहे. साम्याच्या आधाराने शेजारच्या घरात जाता येते, दुसऱ्या गावाला जाता येत नाही. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवेवर ३० सेकंद वाजलेले गाणे ‘ऐकले गेले’ म्हणून मोजले जाते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोत्याला धरून ठेवणाऱ्या गाण्याला ही व्यवस्था आपोआप अनुकूल ठरते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात अर्ध्या मिनिटात गायकाचा पहिला आलापही नीट पुरा झालेला नसतो.

आकडे पाहून ऐकण्याचा परिणाम काय होतो, याचा एक प्रयोग २००६ साली ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त नावे दिसत होती. इतरांना आठ वेगळ्या गटांत टाकून आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले हे दाखवले जात होते. गाणी तीच असूनही प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी वर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा डोक्यावर बसली नाहीत, पण मधल्या साऱ्यांचे भवितव्य बहुतांशी सुरुवातीला कोणाला चार मते जास्त पडली यावर ठरले. गुण, तारे आणि क्रमांक लावून केलेल्या याद्यांबद्दल माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. ‘सर्वकालीन शंभर अल्बम’ ही यादी माहिती म्हणून ठीक आहे. पण तिच्यातला सत्ताविसावा अल्बम सव्विसाव्यापेक्षा कशात कमी आहे हे ती करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

याउलट, माणसांच्या हातून संगीत कसे अनपेक्षित जागी पोहोचते हे पाहायचे असेल तर क्राफ्टवर्कचे उदाहरण घ्यावे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटाने १९७७ मध्ये रेल्वेप्रवासावरचा एक अल्बम काढला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या वाजवणाऱ्या आफ्रिका बंबाटाने तो आपल्या श्रोत्यांपुढे वाजवला आणि १९८२ मध्ये त्यातली धून वापरून जे गाणे केले, ते हिपहॉपच्या वाटचालीतला टप्पा ठरले. ड्युसेलडॉर्फचे थंड, यांत्रिक सूर आणि ब्राँक्सच्या गल्लीतली नाचणारी मुले यांच्यात कोणत्या ध्वनिगुणाचे साम्य होते? त्या जागी त्या लोकांपुढे हे संगीत चालेल, हे एका माणसाच्या कानाने ओळखले होते.

आता सुचवायचे ते गाणे की पूर्ण अल्बम? माझा कौल अल्बमच्या बाजूने आहे, पण त्यावर एक वाजवी आक्षेप घेतला जातो. अल्बम हीच मुळात ध्वनिमुद्रणाच्या यंत्राने घातलेली मर्यादा आहे, असे आक्षेपक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूत साधारण तीन ते चार मिनिटे मावत, म्हणून मोठमोठ्या गवयांना राग त्या मापात बसवावा लागला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली, तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. ख्यालाची खरी जागा मैफलीत, लोकगीताची अंगणात आणि नाचाच्या संगीताची नाचणाऱ्यांच्या गर्दीत. हे सगळे मान्य. तरीही मर्यादा कोणी घातली यापेक्षा कलावंतांनी तिचे काय केले ते अधिक महत्त्वाचे आहे. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी संतूर, बासरी आणि गिटारवर काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मांडला. रागांच्या वेळांचे जुने शास्त्र आणि एलपीच्या दोन बाजू यांचा त्यांनी एकत्र विचार केला होता. त्यातला एखादाच तुकडा कोणाला पाठवला तर त्याच्या हाती एक गोड धून पडेल, दिवस पडणार नाही. गाणे एकटे आले की ऐकणारा ते आपल्या जुन्या सवयींच्या मापाने मोजतो. चाळीस मिनिटांचा अल्बम ऐकताना मात्र त्या संगीताचे स्वतःचे माप हळूहळू त्याच्या कानात उतरू लागते. अनोळखी प्रकाराच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो.

एलपीने आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे वेष्टनाच्या मागच्या बाजूचा मजकूर. वर्षांनुवर्षे कितीतरी लोक जॅझ आणि शास्त्रीय संगीत ऐकायला शिकले ते या मजकुरावरून. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या मागे पियानोवादक बिल एव्हान्सने लिहिलेला छोटा निबंध आहे. ताणलेल्या पातळ कागदावर, हात थबकला तर रेघ बिघडेल किंवा कागद फाटेल अशा बेताने ब्रश चालवणाऱ्या जपानी चित्रकलेचा दाखला देऊन तो उत्स्फूर्त वादन म्हणजे काय हे समजावतो. त्याहून बोलका पुरावा १९५५ चा आहे. अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची एलपी अमेरिकेत निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे रागसंगीताची अख्खी एलपी ही नवीच गोष्ट होती. त्या तबकडीवर वादन सुरू होण्याआधी व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन स्वतःच्या आवाजात या संगीताची आणि वाद्यांची ओळख करून देतात. मेन्युहिन यांनी खाँसाहेबांची थोरवी तेवढी सांगितली असती, तर श्रोत्याने आदराने मान डोलावली असती आणि सरोद वाजू लागताच तो गोंधळला असता.

कान कुठे लावायचा हे सांगायचे म्हणजे नेमके काय, हे दाखवण्यासाठी वर आलेलाच ‘काइंड ऑफ ब्लू’ घेऊ. समजा, तो ख्याल ऐकणाऱ्या एका जाणत्या श्रोत्याला द्यायचा आहे. ‘जॅझमधला सर्वांत गाजलेला अल्बम’ हे सांगण्यात काही हशील नाही. त्याला असे सांगावे: पहिल्याच ‘सो व्हॉट’ या रचनेत सुरुवातीला पियानो आणि बास थोडे चाचपडत बोलतात, मग धून बास वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन-दोन स्वरसमूहांचे उत्तर देतात. रचना ३२ बारच्या चक्रात फिरते (बार म्हणजे चार मात्रांचा खंड). पहिले १६ बार जे स्वर वापरले आहेत ते आपल्या काफी थाटाचेच आहेत. त्यानंतरचे ८ बार तीच सगळी मांडणी अर्ध्या स्वराने वर सरकते, म्हणजे जणू षड्जच (मूळ ‘सा’) हलतो, आणि शेवटच्या ८ बारांत ती मूळ जागी येते. रागसंगीतात षड्ज असा हलत नाही, म्हणून ती सरक पहिल्यांदा कानाला बोचेल. ती ओळखता येऊ लागली की चक्र हाती लागले. मग माइल्सचे एकल वादन ऐकावे, त्यात तो किती जागा मोकळ्या सोडतो ते पाहावे, आणि लगेच पाठोपाठ येणारा सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन त्याच चौकटीत स्वरांची केवढी दाटी करतो ते पाहावे. एवढे सांगितले की ख्यालाच्या श्रोत्याजवळ आधीपासून असलेली शिदोरी कामाला येते: थोड्या स्वरांत विस्तार कसा होतो हे त्याच्याइतके कोणाला कळते?

उलट्या बाजूने, हेवी मेटल ऐकणाऱ्या एखाद्याला ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग द्यायचा असेल तर त्याला थाट, वादी, संवादी यांची जंत्री देऊ नये. त्याला सांगावे की मागे तानपुरा सतत एक घर दाखवत राहतो, ते घर म्हणजे षड्ज. आणि मारव्यात गायक त्या घराभोवती फिरत राहतो, पण आत शिरायचे शक्य तितके टाळतो. पंचम (‘प’) या रागात नाहीच, म्हणजे विसावण्याची दुसरी जागाही काढून घेतलेली आहे. कोमल रिषभावर (‘रे’वर) तो रेंगाळला की बेचैनी वाढते, आणि बऱ्याच वेळाने षड्ज लागला की श्वास सुटतो. तालाचे आवर्तन लांबलचक असेल, ठेका कुठे चालला आहे हे कळणार नाही, तेव्हा मात्रा मोजण्याच्या फंदात न पडता गायक आणि तबला जिथे एकत्र टेकतात ती सम तेवढी पकडावी. हळू लयीतला जडपणा आणि न सुटणारा ताण यांची मेटलवाल्याला सवय असते. ज्याला ‘शांत संगीत’ म्हणून मारवा दिला जातो त्याची फसवणूक होते. मारवा शांत नाही.

अशी शिफारस करणाऱ्याकडून अचूकपणाचीही अपेक्षा ठेवायला हवी. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनेचे नाव सांगून भागत नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली तेव्हा ती सुमारे ३८ मिनिटांत संपली, आणि १९८१ मध्ये पुन्हा वाजवली तेव्हा तिला ५१ मिनिटे लागली. वादक तोच, रचना तीच, आणि अल्बम मात्र दोन वेगळ्या स्वभावांचे. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या तीन रचना तर ध्वनिमुद्रणाचे यंत्र किंचित हळू फिरल्यामुळे अनेक वर्षे मूळ स्वरापेक्षा थोड्या चढ्या वाजत राहिल्या, १९९२ च्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली. म्हणून कोणते ध्वनिमुद्रण, हे सांगणे हा काटेकोरपणाचा देखावा ठरत नाही.

देखावा दुसरीकडे असतो. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न या समाजशास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच दाखवून दिले होते की उच्चभ्रूंची ओळख आता फक्त अभिजात संगीताने होत नाही. ‘मी सगळे ऐकतो’ हीच नवी प्रतिष्ठेची खूण होऊ लागली आहे. सर्व प्रकारांचा एकेक नमुना असलेल्या याद्या वाचताना हे वारंवार आठवते. ‘सगळे ऐकतो’ म्हणणाऱ्याला त्याच्या यादीतल्या एखाद्या अल्बममधला सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचारून पाहावे. ज्याने खरोखर ऐकले आहे तो लगेच एखादी जागा सांगतो, आणि बहुतेक वेळा तो अजून तिथे अडकलेलाही असतो.

दोन प्रकार एकत्र करणाऱ्या अल्बमपासून सुरुवात करावी, असा सल्ला हमखास दिला जातो. रविशंकर आणि मेन्युहिन यांचा १९६७ चा अल्बम यासाठी नेहमी पुढे केला जातो. तो ऐकावाच; पण त्यातून सतारही पुरती कळत नाही आणि व्हायोलिनही. एकत्र येण्यासाठी दोघांनी काय सोडले हे कळायला दोघांचे वेगवेगळे संगीत आधी कानावर असावे लागते. त्यामुळे मिश्रणाचा अल्बम पहिला देण्यापेक्षा तिसरा किंवा चौथा द्यावा.

कशाकडे लक्ष द्यायचे हे आधीच सांगितले तर ऐकणाऱ्याचा स्वतःचा शोध हिरावला जातो, ही शंका मला गंभीर वाटते. कवितेचा अर्थ वर्गात आधी सांगून टाकणाऱ्या शिक्षकांनी किती जणांची कविता कायमची तोडली हे आपण पाहिले आहे. म्हणून सांगण्याला हात आखडता हवा. काय वाटायला हवे हे मुळीच सांगू नये. काय घडते आहे एवढेच सांगावे. ‘इथे षड्ज सरकतो’ हे विधान ऐकणाऱ्याला मोकळे ठेवते, ‘इथे अंगावर काटा येतो’ हे विधान त्याच्यावर काटा आणण्याची जबाबदारी टाकते आणि तो आला नाही की त्याला आपल्याच कानाबद्दल संशय वाटू लागतो.

हे सगळे व्यक्तींवर सोडून संगीतसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना मोकळे सोडण्याचे कारण नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात अॅडेलने मागणी केल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे ‘शफल’ हे गाण्यांचा क्रम मोडून वाजवणारे मुख्य बटण हटवले, तोपर्यंत गाणी मुद्दाम लावलेल्या क्रमात ऐकणे हा जणू अपवाद धरला होता. एका मोठ्या गायिकेच्या शब्दाने जे होऊ शकते ते श्रोत्यांच्या मागणीनेही व्हायला हवे. प्रत्येक अल्बमसोबत साथीदारांची नावे, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि असल्यास मूळ वेष्टनावरचा मजकूर देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तबला कोणी वाजवला हे न सांगता रागसंगीत विकणे हा निष्काळजीपणा आहे. सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तकांप्रमाणे निवडक अल्बम ठेवावेत आणि प्रत्येकासोबत जाणकाराकडून लिहून घेतलेले पानभर टिपण द्यावे, असेही मला वाटते. त्या निवडीत मतभेद होतील, आणि व्हावेतही.

राहता राहिला घेणाऱ्याचा वाटा. ‘छान आहे’ आणि ‘नाही आवडला’ ही दोन्ही उत्तरे अल्बम देणाऱ्याच्या काही कामाची नाहीत. कुठे कंटाळा आला, कुठे कान टवकारले, कोणती जागा पुन्हा लावून पाहिली, हे कळले तर पुढचा अल्बम कोणता द्यायचा ते ठरवता येते. शिवाय ही देवघेव दोन्हीकडून चालायला हवी. मारवा देणाऱ्या दर्दी माणसाला त्या मेटलवाल्याने बदल्यात ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम दिला, तर त्याने तो गोंगाट म्हणून बाजूला सारू नये. पाऊस आणि घंटेच्या आवाजानंतर येणारा पहिला गिटारचा तुकडा षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम एवढ्यावरच उभा आहे, आणि ज्या स्वरांनी मारवा बेचैन होतो त्यांतलाच एक त्याला तिथे भेटणार आहे. ते गाणे बराच वेळ रेंगाळून शेवटाकडे एकदम लय वाढवते. ‘या जागी मला विलंबितानंतरचा द्रुत ख्याल आठवला’ असे त्याने कळवले, तर वर्षांनुवर्षे तो अल्बम ऐकत आलेल्या माणसालाही तो पुन्हा एकदा लावावासा वाटेल.